कोलांटीचा धडा

सातारा जिल्ह्यातील पाटण हे गाव कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. भोवताली सह्याद्रीचे डोंगर आहेत. याच तालुक्यातील चाफळ येथे समर्थ रामदासांनी मारुतीची स्थापना केली व लोकांना बलोपासनेचा मार्ग दाखविला. अशा भागातील मुलांना व्यायामाची आवड असावी, यात नवल ते काय! मी तेथील एका शाळेत मुख्याध्यापक होतो. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरून गेले, की आमची मुले शाळेच्या मोठ्या दालनात गाद्या अंथरून कोलांट्यांचा सराव करीत. त्या दालनात घडलेली एक हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. कारण तिच्यात जी चूक झाली, ती कोणा विद्यार्थ्याची नव्हे, माझी आहे.

सहावीच्या वर्गात एक सडपातळ, अबोल मुलगी होती. तिच्यासह आठ मुली व्यायामशिक्षकांकडे कसरती शिकत. दिवाळीपर्यंत सात जणींना मागची उडी येऊ लागली. उभ्याने मागे झेपावयाचे, क्षणभर तळहातांवर शरीराचा भार घ्यावयाचा आणि पुन्हा पायांवर उभे राहावयाचे, अशी ती उडी. आठवीला मात्र गुरुजी अजून भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहावयास लावीत. मैत्रिणी हवेत गिरक्या घेत असताना ही आपली पाय भिंतीला टेकवून उलटी उभी!

स्नेहसंमेलन जवळ आले होते. आठही मुलींनी एका ओळीत, एकाच वेळी उडी मारावी व पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट करावा, असे चित्र मी मनात रंगविले होते. मी गुरुजींना विचारले, “सात जणींना जमते, मग हिलाच का जमू नये?”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “सर, तिला जमणार आहे, पण आज नाही. तिचे खांदे अजून तिचा भार पेलत नाहीत. भाताचे रोप लावणीजोगे झाल्याशिवाय शेतकरी ते उपटीत नाही.”

मी हसलो, परंतु मला ते पटले नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली होती. पुढे एके दिवशी गुरुजी रजेवर होते. ते नसताना कोणीही उडी मारावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. तो मला ठाऊक असूनही मी दालनात गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, “बाळ, भिऊ नकोस. मार उडी.”

मुख्याध्यापकांचा शब्द तिने मोडला नाही. ती मागे झेपावली, हात जमिनीला लागले. पण कोपरे वाकली आणि ती मनगटावर कोसळली. मी धावत जाऊन तिला उठविले. वेदनेने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरीही ती म्हणाली, “सर, मी पुन्हा करून बघते.” तिला आपल्या हाताची नव्हे, माझ्या नाराजीची काळजी वाटत होती! ते शब्द आजही माझ्या कानांत घुमतात.

सुदैवाने हाड मोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींपुढे आपली चूक कबूल केली. त्यांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, “सर, तुमच्या वयाची माणसे वाढीचे दिवस विसरून जातात. या वयात हातपाय भराभर लांबतात, पण त्यांना हालविणारे बळ मागाहून येते. काल जमलेली कोलांटीसुद्धा आज बिघडते. हाडे ज्या टोकांकडून वाढतात, तो भाग अजून कोवळा असतो. म्हणून मनगटावर अकाली भार पडू देता कामा नये. शिवाय मागे झेपावताना जमीन दिसत नाही. तेव्हा भीती वाटणे हा भित्रेपणा नव्हे. तो शरीराने दिलेला इशारा आहे.”

नंतर त्यांनी मल्लखांबाचे उदाहरण दिले. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नावारूपास आणली. मल्लखांब शिकणारा मुलगा पहिल्याच दिवशी खांबाच्या माथ्यावर आसन करीत नाही. आधी तो खांब धरावयास शिकतो. मग उलटे होऊन मांड्यांच्या पकडीने अढी घालावयास शिकतो. अढी पक्की झाल्यावाचून पुढची पकड दाखवावयाची नाही, अशी चांगल्या वस्तादाची शिस्त असते. कारण कच्च्या पकडीचा दोष वर चढल्यावर कळतो, आणि तेव्हा खाली जमीन फार दूर असते.

मनगट बरे झाल्यावर ती मुलगी परत आली. तिने अगदी पहिल्यापासून आरंभ केला. हनुवटी छातीला लावावयाची, पाठ गोल करावयाची आणि चेंडूसारखे गडगडावयाचे. मग मागची कोलांटी, मग पुन्हा ती भिंत. स्नेहसंमेलनात सात जणींनी उड्या मारल्या. आठवी ओळीच्या टोकाला आली आणि भिंतीवाचून हातांवर उभी राहिली. तिचे पाय तसूभरही हालले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात गुरुजी तिच्या पाठीखाली हात धरून तिला मागे झेपावयास शिकवू लागले. दिवसेंदिवस त्या हाताचा आधार हलका होत गेला. एके दिवशी उडी पुरी करून ती उभी राहिली, तो गुरुजी हात मागे बांधून उभे! त्यांनी आधार कधी काढून घेतला, हे तिला कळलेही नव्हते.

पुढे २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकची वार्ता वाचताना मला या मुलीची आठवण झाली. त्रिपुरातील आगरतळ्याची दीपा कर्माकर ही ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. सहाव्या वर्षी तिने शिकावयास प्रारंभ केला, तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. तळपायाला कमान नसेल, तर उडीला लागणारी उसळी मिळणे कठीण जाते. परंतु तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी धीर सोडला नाही व तिनेही सोडला नाही. रिओमध्ये २३ वर्षांच्या दीपाने ‘प्रोदुनोव्हा’ ही अत्यंत अवघड उडी मारली. तिला १५.०६६ गुण मिळाले आणि केवळ ०.१५० गुणांनी तिचे कांस्यपदक हुकले. पुढे दुखापती झाल्या, शस्त्रक्रिया झाली; तरीही २०२४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ताश्कंद येथे तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

आमची ती मुलगी काही ऑलिंपिकला गेली नाही. तिला उडी आली, एवढेच. पण तीही तिच्या वेळेला आली.

मुलांनो, तुमच्या वर्गातही अशी कोणी आठवी असेल. कोणास उडी उशिरा येते, कोणास गणित, तर कोणास चारचौघांत बोलणे. त्याला हसू नका आणि त्याला घाईही करू नका. त्याच्या पायाखालची गादी तेवढी नीट सरकवून द्या. आणि ती आठवी तुम्ही स्वतःच असाल, तर भिंतीजवळ आणखी थोडे दिवस उभे राहावयास लाजू नका.

स्वाध्याय

१. ‘भाताचे रोप लावणीजोगे झाल्याशिवाय शेतकरी ते उपटीत नाही,’ असे गुरुजी का म्हणाले?
२. मुख्याध्यापकांच्या हातून कोणती चूक घडली? ती त्यांनी कशी स्वीकारली?
३. भीती वाटणे हा भित्रेपणा का नव्हे, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ या म्हणीचा अर्थ सांगून ती आपल्या वाक्यात योजा.
५. तुम्हांला उशिरा जमलेल्या एखाद्या गोष्टीविषयी दहा ओळी लिहा.