मोहोरावरची फवारणी आणि न झालेले फलन

हापूसचा मोहोर भरघोस फुटूनही कणी वाटाण्याएवढी होताच झुपक्याझुपक्याने गळू लागते, ही कोकणातील बागायतदारांची या हंगामातील मोठी चिंता असून, तिच्या मुळाशी पुष्कळदा खताची कमतरता नव्हे, तर न झालेले फलन असते. अशी कणी मधोमध कापावी. आत कोय धरण्याऐवजी सुकलेले, तपकिरी बीजांड दिसले, तर कोणतेही टॉनिक ते फळ टिकवू शकत नाही.

आंब्याच्या मोहोरात नर आणि संयुक्त अशी दोन प्रकारची फुले असतात व फळ केवळ संयुक्त फुलालाच धरते. परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पोचणे हे परागीभवन. फलन त्यापुढे घडते. कुक्षीवर रुजलेल्या परागकणातून निघालेली परागनलिका अंडाशयातील एकुलत्या एका बीजांडापर्यंत जाऊन तेथे दोन पुंयुग्मके सोडते. त्यांतील एक अंडपेशीशी एकरूप होऊन गर्भाला जन्म देते, तर दुसरे दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळून गर्भाला पोसणारा भ्रूणपोष घडवते. सपुष्प वनस्पतींमधील हे दुहेरी फलन १८९८ मध्ये नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. वाढणाऱ्या बीजात तयार होणारी संजीवके फळाला देठाशी धरून ठेवतात, म्हणून फलन चुकले की गळ ठरलेलीच.

आंब्याचा पराग वाऱ्यावर फारशी भिस्त ठेवत नाही. तो माश्या आणि मधमाश्या वाहून नेतात. थंडी लांबली की पराग दुर्बळ होतो, यावर बागायतदाराचा इलाज नाही. परंतु तुडतुड्यांच्या धास्तीने ऐन फुलोऱ्यात तीन-चार औषधे एकाच टाकीत कालवून फवारण्याची सवय सर्वस्वी त्याच्या हातातली आहे आणि ती तत्काळ सोडली पाहिजे. अशा फवारणीनंतर तुडतुडे मरतात, परंतु पराग नेणारे कीटकही मरतात. मग उरलेली कणी गळू लागली की पुन्हा टॉनिकचे डबे आणले जातात, आणि खर्च दुप्पट होऊनही झाड रिकामेच राहते.

कीटकनाशकाची फवारणी मोहोर फुलण्यापूर्वीच उरकावी. फुलोऱ्यात निरीक्षणाअंती ती अटळच ठरली, तर कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले एकच औषध योग्य मात्रेत घ्यावे आणि कीटकांची वर्दळ असलेली सकाळची वेळ कटाक्षाने टाळावी. हापूस स्वतःच्या परागावर फळ धरण्यास फारसा समर्थ नसल्याने, निव्वळ हापूसच्या बागेत केसर किंवा रत्ना यांसारख्या जातींची काही झाडे लावणे, मधमाश्यांच्या पेट्या ठेवणे आणि या पेट्या असलेल्या बागेत शेजाऱ्यांनीही फवारणीची आगाऊ सूचना देणे, एवढे केल्याशिवाय फलधारणेची अपेक्षा बाळगू नये.