खातं अचानक बंद पडलं तर: कुठे शून्य रुपये, कुठे खिशाला चाट

भाईंदर पूर्वेची ओळख स्टीलच्या भांड्यांची. आता डब्यांचे, ताटांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकून घरबसल्या ऑर्डरी घेणारेही इथे आहेत. अशा घरात एका सकाळी ‘तुमचं खातं निलंबित केलं आहे’ असा मजकूर झळकला, की नुसतं ॲप बंद होत नाही, गिऱ्हाईकही तुटतं. या घाईतच माणूस नको तिथे पैसे देऊन बसतो. म्हणून आधी हे पक्कं धरा: खातं परत मिळवण्याच्या अधिकृत वाटेवर अपिलाला एक रुपयाही लागत नाही.

आधी खातं कंपनीने बंद केलंय की कुणी बळकावलंय ते ओळखा. पासवर्ड, ईमेल, नंबर परस्पर बदलले असतील तर ते हॅकिंग. पैसेही गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, शिवाय राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा नवघर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. याचाही खर्च शून्य. पण कंपनीनेच नियमभंगाचं कारण देऊन बंद केलेलं खातं पोलीस उघडून देऊ शकत नाहीत. तिथे चकरा मारण्यात दिवस घालवू नका.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर अपिलाला 180 दिवस मिळतात. तरी वाट पाहू नका. निलंबनाच्या पडद्याचा, आलेल्या ईमेलचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, पुढे सगळं यावरच चालतं. अपिलात राग नको, चार ओळी पुरेत: ‘हे खातं मी अमुक सालापासून वापरते. यावर घरगुती भांडी विकते. तुम्ही दिलेल्या कारणाशी जुळणारी कुठलीही पोस्ट माझ्याकडून झालेली नाही. कोणत्या पोस्टवर आक्षेप आहे ते कळवावं आणि माणसाकडून पुन्हा तपासणी व्हावी.’ सेल्फी व्हिडिओ मागितला तर तो अधिकृत ॲपमध्येच द्या, कुणी पाठवलेल्या लिंकवर नाही.

कंपनी गप्प राहिली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी हे पद बंधनकारक केलं. तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि निकालाला 15 दिवस, अशी मूळ मुदत होती. भारतात 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःहून कारवाई करताना वापरकर्त्याला कारण कळवून बाजू मांडू द्यावी, हेही त्याच नियमांत आहे. पत्रात या नियमांचा उल्लेख जरूर करा. तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवा.

उत्तर पटलं नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जा. जानेवारी 2023 मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. सगळं ऑनलाइन, फी नाही, वकील लागत नाही. माझ्या मते सामान्य माणसासाठी हीच सर्वात कामाची पायरी आहे आणि हिचीच माहिती सर्वात कमी लोकांना आहे.

ग्राहक आयोगाचं जरा वेगळं. फुकट वापरलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. जाहिरातीचे किंवा निळ्या खुणेचे पैसे भरले असतील, तर मात्र बाजू मांडता येते. फेसबुक-इन्स्टाग्रामची ही पैसे भरून मिळणारी खूण 2023 मध्ये भारतात आली तेव्हा मोबाइलवर महिन्याला 699 रुपये होती. बाजू मांडताना धंदा स्वतःच्या पोटापाण्यासाठी आहे हे दाखवा. सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, आणि राहत्या ठिकाणी म्हणजे आपल्यासाठी ठाणे जिल्ह्यात तक्रार करता येते. थेट सर्वोच्च न्यायालयाची वाट खर्चिक आणि कठीण: व्हॉट्सॲप खातं बंद झाल्याची अशी एक याचिका ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने ऐकायला नकार दिला.

पैसे खरे बुडतात ते ‘आतली ओळख आहे, खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्यांकडे. ते आगाऊ रक्कम घेतात, मग ओटीपी मागतात, आणि उरलंसुरलं खातंही हातचं जातं. असा मेसेज आला की उत्तरच देऊ नका. पैसे दिले असतील तर वेळ न घालवता 1930.

आणि खातं बंद असलं तरी त्याला जोडलेल्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून जाहिरातीची रक्कम कापली जात नाही ना, हे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तपासा. चालू असलेला ऑटोपे बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमधून त्याच दिवशी थांबवा.