विजेचे गणित आणि आपली मोटार

वीज डोळ्यांना दिसत नाही, पण तिचे गणित मांडता येते. त्याला फक्त गुणाकार आणि भागाकार लागतो. तो तर आपल्या चौथीच्या वर्गाला येतोच. मला हे मामाने शिकवले. तो आयटीआयला तारतंत्री शिकलाय. लेख गुरुजींनी तपासून दिला आहे.

वीज तारेतून ज्या जोराने ढकलली जाते तो दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. टाकी जेवढी उंच तेवढी नळाची धार जोरात, तसेच हे. तारेतून किती वीज वाहते ती धारा. ती अँपियरमध्ये मोजतात. आणि तार विजेला जी आडकाठी करते तो रोध, तो ओहममध्ये. तार बारीक आणि लांब असली की जास्त अडवते. ओहम हे जर्मनीतले शाळामास्तर होते. त्यांनी हा नियम १८२७ साली पुस्तकात छापला. शाळेतले मास्तर एवढा मोठा शोध लावतात हे मला लई आवडले.

आता दोन नियम पाठ करा.

व्होल्ट ÷ अँपियर = ओहम
व्होल्ट × अँपियर = वॅट

वॅट म्हणजे वीज किती जोराने काम करते ते. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. बिलावर तेच लिहून येते.

उदाहरण घेऊ. घरात साधारण २३० व्होल्ट येतात, पण भागायला सोपे म्हणून २४० धरू. विजेच्या शेगडीतून ६ अँपियर धारा जाते. रोध किती? २४० ÷ ६ = ४० ओहम. वॅट किती? २४० × ६ = १४४०.

समजा दाब निम्मा झाला, १२० व्होल्ट. शेगडीची तार तीच, म्हणून रोध ४० च. धारा १२० ÷ ४० = ३ अँपियर. वॅट १२० × ३ = ३६०. मला वाटले होते ७२० येतील. पाटीवर तीनदा केले, उत्तर तेच. दाब निम्मा झाला की काम पाव होते! कारण दाबही निम्मा आणि धाराही निम्मी.

आता शेतात चला. डीपीपासून विहिरीपर्यंत लांब तार आहे. तिचाही रोध असतो. तो २ ओहम धरू. तारेतून १० अँपियर गेले तर १० × २ = २० व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि २० × १० = २०० वॅट नुसती तार तापवण्यात जातात. ३० अँपियर गेले तर ६० व्होल्ट वाटेत जातात. २४० मधले १८० च उरतात. आणि तार तापवण्यात ६० × ३० = १८०० वॅट. धारा तिप्पट, उष्णता नऊपट.

म्हणूनच वीज लांबून आणताना दाब खूप वाढवतात. २४०० वॅट पाठवायचे असतील तर २४० व्होल्टने १० अँपियर लागतात, पण २४०० व्होल्टने १ च अँपियर पुरतो. त्याच तारेत २०० वॅटऐवजी २ वॅट वाया जातात. आपल्या जिल्ह्यात परळीला औष्णिक विद्युत केंद्र आहे. तिथे १९७१ साली पहिला संच सुरू झाला, तो ३० मेगावॅटचा होता. आताचे संच २५० मेगावॅटचे आहेत, म्हणजे २५ कोटी वॅट. तिथून वीज निघते ती २ लाख २० हजार व्होल्टने. आपल्या डीपीपर्यंत ११ हजार येतात आणि डीपी ते खाली उतरवते.

मोटारीचे मात्र शेगडीसारखे नाही. शेगडीला दाब कमी पडला तर ती गुमान कमी तापते. मोटारीला तेवढेच पाणी तेवढेच वर चढवायचे असते, म्हणून दाब उतरला की ती जास्त धारा ओढते. धारा दीडपट झाली तर तिच्या आतल्या तांब्याच्या तारेत उष्णता दीडपट नाही, सव्वादोनपट होते. वाइंडिंग जळते ते असे. मागच्या रब्बीत आमची मोटार अशीच जळली. भरून आणायला आठ दिवस लागले आणि ऐन फुलातला हरभरा वाळला. आईने मग दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊन मोटारीचे पैसे भागवले.

मामा म्हणतो, बऱ्याच मोटारींना ऑटो स्विच असतो. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदमच उठतात. सुरू होताना मोटार चालतानापेक्षा कितीतरी जास्त धारा ओढते. सगळ्यांची धारा एकाच तारेतून, मग दाब कुठून राहणार? ऑटो स्विच काढावा आणि मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर लावावा, म्हणजे तारेतली धारा कमी होते.

आमच्या डीपीवर चार विहिरी आहेत. मोटार तीन फेजची असल्यामुळे तिला दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट लागतात. (तीन फेजचा पुरा हिशेब मामा नंतर शिकवणार आहे.) स्टार्टरच्या पेटीवर काटा आहे. पेटी दादाच उघडतात, मी लांबून वाचते. एकच मोटार चालू होती तेव्हा काटा ४०० वर होता. दोन चालू असताना ३८५, चारी चालू असताना ३४०. हे आकडे मी वहीत लिहून दादांना दाखवले. दादांनी ती वही शेजारच्या तिन्ही विहिरीवाल्यांना नेऊन दाखवली. आता दोन दोन मोटारी पाळीने चालतात. ज्यांच्या पेटीवर असा काटा आहे त्या पालकांनी आकडे लिहून आपल्या मुलांजवळ द्यावेत. पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी सगळ्या डीपींचा तक्ता करून लावणार आहे.