पगार क्रिप्टोत घ्यावा का?

क्रिप्टो क्षेत्रात नोकरी करणे ही एक गोष्ट आणि त्या नोकरीचा पगार क्रिप्टोत घेणे ही अगदी वेगळी गोष्ट. पालकांची बरीचशी धास्ती आणि विद्यार्थ्यांचे बरेचसे गैरसमज या दोन्हींची गल्लत केल्याने होतात. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रणाली लिहिणे, त्यांतल्या त्रुटी शोधणे, एक्स्चेंजच्या व्यवहारांवर कायद्याच्या दृष्टीने नजर ठेवणे ही इतर सॉफ्टवेअर किंवा वित्त क्षेत्रातल्या कामांसारखीच कष्टाची आणि शिकण्याजोगी कामे आहेत. सॉलिडिटी किंवा रस्ट या भाषांवर हुकमत असलेल्या मुलाला घरच्यांनी केवळ ‘क्रिप्टो’ या शब्दाला घाबरून मागे ओढण्याचे कारण नाही. मोबदला कोणत्या रूपात हातात पडतो, एवढाच प्रश्न स्वतंत्रपणे तपासायला हवा.

भारतात नोंदणी झालेल्या कंपनीतल्या नियमित नोकरीपुरते उत्तर सोपे आहे. 1936च्या वेतन प्रदान अधिनियमाने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांत देण्याचे बंधन घातले. पुढे त्यात धनादेश आणि बँक खाते आले. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या वेतन संहितेत हीच यादी कायम राहून इलेक्ट्रॉनिक मार्गाची भर पडली आहे. क्रिप्टो यांपैकी कशातच बसत नाही, कारण भारतीय कायद्याच्या लेखी ते चलन नाही. ती ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ आहे. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेला डिजिटल रुपया मात्र खरे चलन आहे. दोन्ही फोनमधल्या वॉलेटमध्ये दिसतात म्हणून त्यांना एका माळेत ओवू नये.

या बंधनाला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधले कारखानदार मजुरांना पैशांऐवजी स्वतःच्याच दुकानात चालणारी टोकने किंवा माल देत. 1831च्या ट्रक कायद्याने तिथल्या अनेक उद्योगांत त्याला मनाई केली. पगार देणाऱ्यालाच चलन ठरवू दिले, तर त्याची किंमतही तोच ठरवतो, हे तेव्हाच कळून चुकले होते. आज एखादी नवी कंपनी स्वतःच काढलेले टोकन पगार म्हणून देऊ करते, तेव्हा प्रश्न जवळपास तोच असतो.

परदेशातही चित्र फार निराळे नाही. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर एरिक अॅडम्स यांनी जानेवारी 2022मध्ये पहिला पगार बिटकॉइन आणि इथेरियममध्ये घेतल्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात महापालिकेने त्यांना डॉलरच दिले आणि एका एक्स्चेंजमार्फत ते क्रिप्टोत बदलण्यात आले, कारण कामगारविषयक नियमांमुळे थेट क्रिप्टोत पगार देता येत नव्हता. त्यांच्या पहिल्या पगाराच्या वेळी 35,000 डॉलरच्या पुढे असलेला बिटकॉइन जूनमध्ये 20,000 डॉलरच्या खाली गेला. महापौरांना घरभाड्याची चिंता नसावी. पहिल्या नोकरीवर पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलीला ती असते.

खरा प्रश्न उभा राहतो तो फ्रीलान्सर, इंटर्न आणि परदेशी संस्थांसाठी कंत्राटावर काम करणाऱ्यांपुढे. ते वेतनाच्या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणून मोडत नाहीत आणि समोरचा ग्राहक अनेकदा सरळ सांगतो, ‘पैसे यूएसडीटीत मिळतील.’ यूएसडीटी हे डॉलरशी किंमत बांधलेले टोकन, म्हणजे स्टेबलकॉइन. ग्राहकाच्या बाजूने त्यात लबाडी असेलच असे नाही. ही रक्कम काही मिनिटांत पोहोचते, शनिवार-रविवार आड येत नाही आणि बँकेचे शुल्क वाचते. या सोयीची किंमत पैसे घेणाऱ्याच्या वाट्याला कशी येते, ते मात्र तो ग्राहक सांगत नाही. बहुधा त्याला ते ठाऊकही नसते.

पहिली किंमत कराची. कामाबद्दल मिळालेले टोकन हे ज्या दिवशी हाती आले, त्या दिवशीच्या रुपयांतल्या मूल्याइतके उत्पन्न धरले जाते आणि त्यावर नेहमीच्या स्लॅबने कर लागतो. पुढे ते टोकन विकताना दुसरा हिशेब सुरू होतो. 1 एप्रिल 2022पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

समजा, एका कामाचे 1,00,000 रुपये मूल्याचे टोकन मिळाले. ते 1,40,000 रुपयांना विकले, तर 40,000 रुपयांवर 12,480 रुपये कर द्यावा लागेल. तेच टोकन 60,000 रुपयांवर घसरले, तर गेलेले 40,000 रुपये कराच्या दृष्टीने जणू गेलेच नाहीत. उत्पन्न 1,00,000 रुपयेच धरले जाईल. नफ्यात सरकारचा वाटा आणि तोटा सगळा आपला, असा हा व्यवहार आहे. शिवाय 1 जुलै 2022पासून विक्रीच्या वेळी 1 टक्का उद्गम करकपात होते. ती विवरणपत्रात परत मागता येते, पण तोवर पैसा अडकतो.

दुसरी किंमत कागदपत्रांची, आणि पालकांनी सर्वाधिक लक्ष इथे द्यावे. परदेशी ग्राहकाचे पैसे बँकेमार्फत आले की परकीय चलन आल्याचा दाखला मिळतो. सेवेची निर्यात म्हणून जीएसटीत शून्य दर मिळवायचा तर मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिली असेल तिथे रुपयांत, आलेला असावा लागतो. टोकन ही अट पूर्ण करत नाही. वर्षाला 20 लाख रुपयांच्या आत कमावणाऱ्या विद्यार्थ्याला जीएसटीची झळ लगेच बसत नाही; व्यवसाय वाढला की 18 टक्क्यांचा वाद दारात उभा राहतो. परकीय चलनविषयक फेमा कायद्याचा प्रश्न वेगळाच. त्यापेक्षाही जवळची अडचण म्हणजे शैक्षणिक कर्ज, परदेशी शिक्षणासाठी व्हिसा किंवा पुढे गृहकर्ज मागताना बँक स्टेटमेंट, विवरणपत्रे आणि नोकरी असल्यास फॉर्म 16 यांवरच भिस्त असते. वॉलेटमधल्या नोंदी दाखवून बँक अधिकाऱ्याची खात्री पटणे कठीण.

टोकनचे रुपये करताना तिसरा धोका असतो. अनेक तरुण अधिक भाव मिळतो म्हणून एक्स्चेंजवर पी-टू-पी पद्धतीने, म्हणजे अनोळखी खरेदीदाराला थेट टोकन विकतात. तो खरेदीदार जर ऑनलाइन फसवणुकीतला पैसा फिरवत असेल, तर पोलिसांचा माग त्या पैशाबरोबर विक्रेत्याच्या खात्यापर्यंत येतो आणि खाते गोठते. काम प्रामाणिक, टोकन प्रामाणिक, आणि तरीही दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसावे लागते. मग टोकन घ्यावेच लागले तर काय? भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच ते विकावे. कामाचा करार, बिल, टोकन आल्याची तारीख आणि त्या दिवशीचा भाव जपून ठेवावा आणि वर्षअखेरीची वाट न पाहता सीएला आधीच गाठावे. वडिलांच्या पॅनवर खाते उघडून मुलाची कमाई त्यात घेण्याची घरगुती युक्ती तर मुळीच करू नये. प्रश्न विचारले जातील ते वडिलांना.

स्टेबलकॉइन स्थिर असते, या समजुतीलाही मर्यादा आहेत. मे 2022मध्ये टेरा-यूएसटी हे एक डॉलरला बांधलेले नाणे काही दिवसांत कवडीमोल झाले. मार्च 2023मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा तुलनेने भक्कम मानले जाणारे यूएसडीसी हे स्टेबलकॉइनसुद्धा काही काळ 90 सेंटच्या खाली गेले होते. एक्स्चेंजवर ठेवलेले टोकनही निर्धास्त नसते. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. बँकेतल्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. इथे तसा काही आधार नाही. स्वतःच्या वॉलेटमध्ये टोकन ठेवले, तर 12 किंवा 24 शब्दांची गुप्त किल्ली हरवली की सगळे गेले, आणि चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेली रक्कम परत मिळेलच असे नाही.

ऑफर लेटरमध्ये पगाराबरोबर कंपनीची टोकनेही दिली असतील, तर त्याचा विचार निराळा. ती बक्षिसासारखी समजावीत आणि नोकरीचा निर्णय घेताना त्यांची किंमत शून्य धरावी. रोख पगार बाजारातल्या इतर नोकऱ्यांच्या तोडीचा असेल, तर टोकन घ्यायला हरकत नाही. ती किती वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येणार, नोकरी सोडल्यास काय होणार आणि ती आज कुठे विकता येतात का, हे तीन प्रश्न मुलाखतीतच विचारावेत. ‘सीटीसी 18 लाख’ या आकड्यातले 10 लाख अजून बाजारात न आलेल्या टोकनचे असतील, तर ती नोकरी 8 लाखांची आहे.

उरल्या फसव्या नोकऱ्या. टेलिग्रामवर रोज थोडे काम देऊन सुरुवातीला खरोखर पैसे पाठवायचे आणि मग ‘पुढच्या टप्प्यासाठी’ यूएसडीटीत अनामत मागायची, ही रीत आता सर्रास झाली आहे. जी नोकरी आधी पैसे मागते ती नोकरी नव्हे. त्याहून घातक म्हणजे कमिशनच्या बदल्यात स्वतःच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे घेऊन त्यांची टोकने करून देण्याचे ‘पार्टटाइम काम’. इथे विद्यार्थी फसलेला राहत नाही, आरोपी होतो. थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022मध्ये दिला होता. त्यात क्रिप्टो फसवणुकीचा स्पष्ट उल्लेख होता. पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास मोलाचे असतात.

तेव्हा ज्याला शिकत असताना किंवा शिक्षण संपताच कमाई सुरू करायची आहे, त्याने काम क्रिप्टो क्षेत्रात खुशाल घ्यावे आणि मोबदला बँक खात्यातच मागावा. परदेशी ग्राहक अडून बसला, तर थोडे अधिक शुल्क स्वतः सोसून बँकेचा मार्ग सुचवावा. खरोखर काम हवे असलेले ग्राहक बहुधा त्याला तयार होतात. त्यानंतर त्या पगारातले पाच-दहा टक्के कुणाला बिटकॉइनमध्ये गुंतवावेसे वाटले, तर तो गुंतवणुकीचा निर्णय झाला आणि तो घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्यावरच घ्यावा.