गंभीर आजारात धीर आणि घाई

गियान-बारे सिंड्रोम, म्हणजेच पुण्यात घरोघरी तोंडी बसलेला ‘जीबीएस’, हा मज्जातंतूंचा आजार आहे. बहुधा एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांना मुंग्या येतात, मग त्यांतला जोर जातो, आणि अशक्तपणा हात, चेहरा, घसा व श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, नांदोशी, धायरी या भागांत असे रुग्ण एकाएकी वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही दगावले, बहुतेक बरे होऊन घरी परतले.

या आजारात शरीर निपचित पडले तरी बुद्धी शाबूत असते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हात हलवता येत नाही, पण खाटेशेजारी कुजबुजलेला प्रत्येक शब्द तो ऐकत असतो. त्यामुळे धीर देणे हा इथे शुश्रूषेचाच भाग ठरतो. मात्र तो आजाराच्या टप्प्याला धरून असावा लागतो.

पहिला टप्पा चढतीचा असतो. बहुतेक रुग्णांत अशक्तपणा दोन ते चार आठवड्यांत टोकाला पोहोचतो. इम्युनोग्लोब्युलिन साधारण पाच दिवस शिरेतून देतात, किंवा प्लाझ्मा बदलतात. दोन्ही उपायांनी मज्जातंतूंवरचा हल्ला आवरतो, पण गेलेला जोर लगेच परतत नाही. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना श्वासासाठी यंत्र लागते. या काळात ‘जोर लाव, जिद्द धर’ असे सांगणे चुकीचे आहे. स्नायूंपर्यंत आज्ञाच पोहोचत नसताना जिद्द कुठे लावायची, या विचाराने रुग्ण खचतो. काय झाले आहे, आज काय होणार आहे आणि बहुतेकांना हा आजार सोडून जातो, एवढे खरे व साधे बोलणे पुरते. अमुक तारखेला घरी नेऊ, असे वचन देऊ नये. ती तारीख टळली की पुढच्या सगळ्याच शब्दांवरचा विश्वास उडतो. पापणी एकदा मिटली तर ‘हो’, दोनदा मिटली तर ‘नाही’, अशी खूण ठरवावी. पापण्याही मिटत नसतील तर डोळ्यांच्या हालचालीची खूण चालते.

दुसरा टप्पा स्थिरतेचा आणि तिसरा उताराचा. घाईचा धोका सर्वांत जास्त या टप्प्यांतच असतो, कारण सुधारणा दिसू लागली की घरचे अधीर होतात. प्रस्तुत लेखकाचा धाकटा भाऊ त्या जानेवारीत आजारी पडला. यंत्र निघाले, आवाज फुटला, आणि त्याने पहिली मागणी केली ती चहाची. आहार नळीनेच द्यायचा, असे सिस्टरांनी बजावलेले होते. तरी ‘दोन चमच्यांनी काय होते, तेवढाच त्याला हुरूप येईल’ म्हणून लेखकाने त्याला चहा पाजला. ठसका लागला नाही, म्हणून सगळे निर्धास्त झाले. वास्तविक ठसका देण्याइतकीही शक्ती घशात नव्हती. चहा श्वासनलिकेत गेला, रात्री ताप चढला, न्यूमोनिया झाला आणि भाऊ पुन्हा यंत्रावर गेला.

त्यानंतर घर दुसऱ्या टोकाला गेले. फिजिओथेरपिस्ट त्याला खुर्चीत बसवायला येई, तेव्हा ‘राहू द्या, अजून अशक्त आहे’ असे म्हणून त्याला परत पाठवले जाई. तीन आठवड्यांत खांदा आखडला आणि पाऊल खाली वळून ताठरले. ते सोडवायला पुढे कित्येक महिने लागले. पहिल्या चुकीत घाई होती, दुसरीत धास्ती. दोन्ही मायेपोटी झाल्या, आणि दोन्ही वेळी जाणत्या माणसाला विचारले गेले नाही.

अतिसावधगिरीही निर्धोक नसते. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात, सांधे आखडतात. उलट थकव्यापलीकडे व्यायाम करवला तर आलेला जोर काही काळ मागे जातो. फार दिवसांनी एकदम उभे केल्यास रक्तदाब कोसळून रुग्ण पडू शकतो. म्हणून प्रत्येक नव्या पावलाआधी चार प्रश्न विचारावेत. यातून रुग्णाला नेमका काय लाभ होईल? बिघडले तर जास्तीत जास्त काय बिघडेल? बिघडू लागल्याचे वेळीच कळेल का, आणि तिथेच थांबता येईल का? त्या वेळी सावरणारे जाणते माणूस जवळ असेल का? खाटेच्या कडेला आधाराने बसणे या कसोटीला उतरते, कारण घेरी आली तर लगेच आडवे करता येते. गिळण्याची तपासणी न करता दिलेला घोट मात्र या कसोटीला उतरत नाही, कारण एकदा आत गेलेला घोट परत घेता येत नाही.

ही कसोटी पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाच्या उपचारांनंतरही लागू पडते. धीर शब्दांनी मुक्तपणे द्यावा. अन्न, पाणी, हालचाल आणि औषध यांत मात्र परवानगीशिवाय हात घालू नये. रुग्णाने चहा मागितला तर ‘नको’ म्हणून विषय तोडू नये. ‘गिळण्याची तपासणी कधी होईल ते आज डॉक्टरांना विचारतो’ असे सांगून खरोखर विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी त्याला कळवावे. सुधारणेची लेखी नोंद ठेवावी: आज अंगठा हलला, आज दहा मिनिटे बसला. ‘काहीच फरक नाही’ असे वाटणाऱ्या दिवशी मागची पाने वाचून दाखवावीत.

घरी आल्यावरही थकवा आणि पायांची बधिरता महिनोनमहिने राहू शकते. तो आळस समजू नये. मुंग्या किंवा अशक्तपणा पुन्हा वाढला, गिळताना अडखळू लागले, बोलताना धाप लागली, किंवा एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पुन्हा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पाणी उकळून प्यावे आणि मांस पूर्ण शिजवावे. चालण्याचा सराव सपाट जागी, कोणी सोबत असताना आणि दमण्याआधी थांबून करावा. आज किती चालायचे ते फिजिओथेरपिस्टने ठरवावे, आणि कुठे थांबायचे ते रुग्णाने.