सुमीच्या नावाचा ट्रस्ट

चिंचणी

चि. निखिल,

न्यू जर्सीतल्या तुझ्या शेजाऱ्याने लिव्हिंग ट्रस्ट केला, तसं तुझ्या वडिलांचं, अण्णांचंही सगळं करून टाकू, असं तू फोनवर म्हणालास. करू, पण सगळं नको. तिकडचे लोक ट्रस्ट करतात ते बहुतेक प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करण्याच्या, कोर्टकचेरीतून सुटायला. अण्णांनी इथल्या मिळकतीचं मृत्युपत्र इथेच बसून केलं, तर प्रोबेट सक्तीचं नाही. तेव्हा त्या धास्तीपायी वकिलाचं घर भरू नकोस.

आपल्याला घोर आहे तो तुझ्या अपंग बहिणीचा, सुमीचा. मृत्युपत्राचा अंमल माणूस गेल्यावर. कुलमुखत्यारपत्र आज तुझ्या नावे करता येईल, पण अण्णांचं भान गेलं की कायद्याने तेही संपतं. म्हणजे ऐन गरजेला कुचकामी. परवा विजेचं बिल हातात धरून ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, भरलं ना रे? भान जाण्यापासून मृत्यूपर्यंतचा मधला काळ निभावून नेतो तो ट्रस्ट. आज अण्णांनी स्वतःच विश्वस्त राहावं, आणि ते असमर्थ झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं की पुढच्या विश्वस्तांनी कारभार हाती घ्यावा, असं दस्तात घालता येतं.

हे काही अमेरिकेचं खूळ नव्हे. आपल्या गावात १९५५ साली ताम्रपट सापडले, त्यांतला एक इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण सांभाळणारा अरब अधिकारी, लेखात त्याचं नाव मधुमती, म्हणजे महंमद. त्याच्या कारकिर्दीत एका मठिकेला गाव आणि जमीन लावून दिली. कशासाठी, तेही कोरून ठेवलं: डागडुजी, देवीचा नैवेद्य, नऊ जणांचं जेवण. आपल्या दस्तातही पैसा कुणाचा, हात कुणाचा आणि खर्च कशावर, एवढं स्पष्ट हवं. 'सुमीच्या कल्याणासाठी' असं मोघम लिहू नका. औषधं, सांभाळणाऱ्या बाईचा पगार, सुमीचं राहणं, आणि सुमीच्यामागे उरेल ते कुणाला, हेही लिहा. तुला संकोच वाटेल, तरी लिहा.

ट्रस्टमध्ये फक्त बोईसरचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी घाला. फ्लॅट अण्णांच्या स्वकमाईचा, आणि त्याच्या भाड्यात सुमीचा महिना निघतो. वाडीला हात लावू नका. ती वडिलोपार्जित, वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तिच्यात सुमीचा हक्क तुझ्याइतकाच. शिवाय सातबाऱ्यावरची शेतजमीन ट्रस्टकडे न्यायची म्हटली की बिगरशेतकऱ्याकडे जमीन जाऊ न देणारं कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येण्याची भीती.

असा खासगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याखाली होतो, धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागत नाही. फ्लॅट आहे म्हणून दस्त पालघरला दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागेल. स्टॅम्प ड्युटी किती बसते ते आधी विचार. मुलाला राहतं घर बक्षीस देताना मूळ ड्युटी २०० रुपयांत भागते, तसंच इथे भागेल असं धरून चालू नकोस. दस्त मोडण्याचा अधिकार अण्णांनी राखला, तर उत्पन्नावरचा कर त्यांच्याच माथी. तरी मी म्हणेन राखावा. ट्रस्टचा पॅन, खातं, सोसायटीच्या दप्तरी नाव, ठेवी वळवणं, हे झालं नाही तर दस्त कपाटात पडून राहतो आणि ठेवी अण्णांच्याच नावावर.

दुसरा विश्वस्त मी होईन, पण माझंही वय झालं. तू दूर. तिसरा माणूस इथला, तरुण आणि हिशेब दाखवायला न लाजणारा हवा. नातलगच हवा असं नाही.

आणि ट्रस्टने पैसा सांभाळला जाईल, माणूस नाही. सुमीचा कायदेशीर पालक १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची समिती नेमते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. तो अर्ज वेगळा. अण्णांचं भान शाबूत आहे तोवर तोही पालघरला देऊन टाकू. सुमीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र तुझ्याकडच्या फाईलमध्ये असेल, त्याची प्रत लगेच पाठव.

तुझा,
काका