उसाचा रस आणि दादाची टर्बो

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मुद्दा मात्र पक्का आहे, कारण तो मी घाबरून शिकले आहे.

आमचं घर कान्ह्याला. चुलत दादाकडे जुनी टर्बो हॅचबॅक आहे, मॅपिंग बदलून बूस्ट वाढवलेली. दिवाळीच्या सुट्टीत तो म्हणाला, "अगं, तू मेकॅनिकलला ना? पंपावर शंभर टक्के इथेनॉल मिळतं, ते टाकलं तर चालेल का?" मी ऐटीत म्हटलं, "चालेल काय, पळेल! ऑक्टेन १०८ आहे."

टाकी रिझर्व्हवर होती, ती त्याने भरली. कान्हे फाट्यापासून कामशेतपर्यंत गाडी मस्त चालली. पुढे ट्रकला ओव्हरटेक करताना दादाने पाय दाबला आणि गाडी आचके देऊ लागली. समोरून एस.टी.! कशीबशी गाडी आत घेतली. नंतर दहा मिनिटं कोणीच बोललं नाही.

रात्री वही काढली. १ किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल लिटरमध्ये जवळजवळ दीडपट हवं.

आता ६००० आर.पी.एम.ला फोर स्ट्रोकचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. समजा पेट्रोलवर इंजेक्टर त्यातले १५ मिलिसेकंद उघडा असतो. इथेनॉलला साडेबावीस हवेत. आणायचे कुठून? हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ई.सी.यू. ही तूट बरीच भरून काढतो, म्हणून कामशेतपर्यंत काही कळलं नाही. फुल थ्रॉटलला तो ठरलेल्या मॅपवर चालतो. हवा भरपूर, इंधन कमी, मग मिसफायर.

मग इथेनॉल वाईट का? मुळीच नाही. हातावर सॅनिटायझर घेतलं की गार लागतं ना? तसंच इथेनॉल वाफ होताना आतली हवा थंड करतं. नॉकिंग लांबतं, बूस्ट वाढवता येतो. २००५ च्या साब ९-५ बायोपॉवरमध्ये हेच केलं होतं. पेट्रोलवर १५० हॉर्सपॉवर, ८५ टक्के इथेनॉलवर १८०! पण तिथे इंधन ओळखून मॅप आपोआप बदलत होता. इथेनॉलसाठी कायम वाढवलेल्या बूस्टवर चुकून साधं पेट्रोल भरलं, तर नॉकिंगने पिस्टन फुटू शकतो.

म्हणून क्रम असा: आधी मोठे इंजेक्टर आणि फ्युएल पंप, अल्कोहोल सोसणारे पाइप आणि सील, इथेनॉलचं प्रमाण सांगणारा सेन्सर, नंतर मॅपिंग. आणि दोन गोष्टी गृहीत धरा. एका लिटरमधली ऊर्जा एक तृतीयांश कमी, म्हणजे अ‍ॅव्हरेज पडणार. शिवाय मावळातल्या जानेवारीच्या सकाळी गाडी लवकर सुरू होणार नाही, कारण थंडीत इथेनॉलची वाफ कमी होते.

हा विषय आपल्या दारातला आहे. २००१ मध्ये मिश्रणाचे प्रयोग मिरज आणि मनमाडला झाले. ५ जून २०२१ ला पुण्यात ई-१०० चा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. २०२३ पासून २० टक्के मिश्रण पंपांवर आलं. उद्या हॉस्टेलवर कोणी विचारेल, "टाकू का?" ऑक्टेन सांगायच्या आधी इंजेक्टरचे मिलिसेकंद मोजा.

दादाने टाकी रिकामी करून घेतली. गाडी ठीक आहे. मला मात्र तो अजून "इंजिनीअरबाई" म्हणून चिडवतो.